गाडी तुझ्या फेरीला साजेल ती घे

नाशिक

चि. प्रशांत यास,


तुझं पत्र आणि दोन्ही कोटेशनं मिळाली. छोटा हत्ती गॅसवरचा घ्यावा की इलेक्ट्रिक, कंपनी सांगते तेवढी रेंज खरंच मिळते का, आणि नवी बॅटरी येणार म्हणतात तर दोन वर्षं थांबावं का, असं तू विचारलं आहेस. तुझ्या काकांच्या ट्रान्सपोर्टच्या वह्या मीच लिहीत आले, म्हणून उत्तर हिशोबाच्या अंगानेच देते. तुझी पहिली गाडी आहे, ती चुकू नये एवढीच तळमळ आहे.

आधी रेंज. तू दाखवलेल्या इलेक्ट्रिक छोट्या हत्तीत 21.3 किलोवॅट-तासांची, म्हणजे तितक्याच युनिटांची, बॅटरी आहे आणि प्रमाणित रेंज 154 किलोमीटर. हा आकडा ठरावीक चाचणीतला आहे. तुझी गाडी भिवंडीच्या खड्ड्यांतून, पूर्ण लोड घेऊन, मे महिन्याच्या उन्हात जाणार. म्हणून त्याचे दोन तृतीयांश धर, म्हणजे शंभरच्या आसपास. पुढे बॅटरी वर्षागणिक थोडी थोडी कमी होते. काही वर्षांनी तिची ताकद 80 टक्क्यांवर आली असं समज, म्हणजे हातात 80 किलोमीटर उरले. गाडी घेताना हाच आकडा धरायचा, कारण हप्ते संपल्यावरच गाडी खरी कमावते आणि तेव्हा ती हीच रेंज देणार. गोदामातून ठाणे, मुलुंड, डोंबिवली करून परत यायला तुला रोज 75 किलोमीटर पडतात असं तू लिहिलंस. बसतं, पण काठाकाठाने. दुपारी जेवायच्या वेळी गोदामावर तासभर चार्जिंग लावता आलं तर निर्धास्त.

आता तुझा दुसरा बेत, शनिवार-रविवार नाशिकहून मुंबईला भाजी नेण्याचा. या गाडीने तो नको, आणि का नको ते नीट समजून घे. तुला कसाऱ्याच्या घाटाची भीती वाटते आहे. घाट मोठा खर्चिक नाही. कसाऱ्याहून इगतपुरीपर्यंतची चढण साधारण 300 मीटरची. भरलेला छोटा हत्ती दोन टनांच्या आतला, त्याला तेवढं वर न्यायला दीड-दोन युनिट वीज पुरते, आणि उतरताना मोटरच जनित्र होऊन त्यातली काही परत भरते. खरी वीज खातो तो सपाट हायवे. वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि हायवेवर सतत ब्रेक लागत नसल्याने परत काही मिळत नाही. शहरात थांबत-सुटत चालणं डिझेल-पेट्रोलला महाग पडतं, इलेक्ट्रिकला मात्र तेच मानवतं.

मग बॅटरीच मोठी का बसवत नाहीत? इथे वजनाचा हिशोब येतो, आणि मालवाहू गाडीत सगळं त्यावरच अडतं. नाशिक-मुंबई जाऊन-येऊन 340 किलोमीटर धर. वरच्या हिशोबाने 72 युनिट लागतील, म्हणजे आहे त्यापेक्षा 51 जास्त. बॅटरीचा एक किलो, खोक्यासकट, साधारण 140 वॅट-तास साठवतो. जास्तीच्या बॅटरीचं वजन झालं साडेतीनशे किलोच्या वर. या गाडीचा माल आहे 600 किलो! निम्म्याहून जास्त भाडं बॅटरीनेच खाल्लं. मोटारीत माणसं बसतात, तिथे बॅटरी वाढवली तर फक्त किंमत वाढते. आपल्या धंद्यात वाढलेला प्रत्येक किलो भाड्यातून वजा होतो.

गॅसचं उलट आहे. एक किलो सीएनजीत 13 युनिटांहून जास्त ऊर्जा असते, बॅटरीच्या किलोच्या नव्वदेक पट. त्यातली बरीच इंजिनात उष्णता होऊन वाया जाते आणि 200 बार दाब सोसणारी टाकीही जड असते. तरी छोटी गाडी किलोला वीसेक किलोमीटर देते आणि पंपावर काही मिनिटांत भरते. म्हणून लांबच्या, आज इकडे उद्या तिकडे अशा भाड्याला गॅसच. याहून अवजड ट्रकसाठी तर चाकणलाच 2022 पासून एलएनजीचे ट्रक बनतात. वायू उणे 162 अंशांपर्यंत थंड करून द्रव केला की सहाशेपट कमी जागेत मावतो, आणि बनवणाऱ्या कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ट्रक एका भरणीत 1400 किलोमीटरपर्यंत जातो.

पण गॅस म्हणजे बिनघोर, असं मानू नकोस. गॅस इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवेची जागा घेतो, त्यामुळे ताकद थोडी कमी पडते. टाकीची दर तीन वर्षांनी तपासणी करून घ्यावी लागते. देशाला लागणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी जवळपास निम्मा बाहेरून येतो, त्यामुळे भाव आपल्या हातात नाही. आणि रांग! 2025 च्या नोव्हेंबरात मुंबईकडे गॅसच्या पाइपलाइनचं नुकसान झालं तेव्हा पंपांवर काय झालं ते तू डोळ्यांनी पाहिलंस. रिक्षावाले, टॅक्सीवाले दिवसभर ताटकळले. रांगेत उभ्या गाडीचाही हप्ता चालूच असतो. ठरलेल्या वेळी दुकानात माल पोचवायचा तुझा करार आहे, तुला ही अनिश्चितता परवडणार नाही.

थांबण्याच्या विचाराबद्दल मला जास्त काळजी आहे, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर रोज एक नवी बॅटरी येते. तुझ्या कोटेशनमधल्या गाडीत लोह-फॉस्फेटची लिथियम बॅटरी आहे. तिचा शोध 1997 मध्ये टेक्सासमध्ये जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून जाहीर झाला. त्यांना पुढे 2019 मध्ये नोबेल मिळालं. तीच बॅटरी छोट्या हत्तीत आली 2022 मध्ये. प्रयोगशाळेपासून आपल्या गोदामापर्यंत पंचवीस वर्षं! आता ज्या सॉलिड-स्टेट बॅटरीची चर्चा आहे तिच्यात द्रवाऐवजी घन पदार्थातून लिथियम ये-जा करतं, त्यामुळे कमी वजनात जास्त ऊर्जा मावेल अशी आशा आहे. अडचण अशी की लिथियमचे सुईसारखे कोंब त्या घन थरातून वाढतात, आणि चार्ज होताना थर फुगतात-आक्रसतात तसे एकमेकांपासून सुटतात. टोयोटाने 2017 मध्ये ती 2020 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आणू म्हटलं होतं, आता 2027-28 म्हणतात. आली तरी आधी महागड्या मोटारींत जाईल, मालवाहू छोट्या गाडीचा नंबर शेवटी.

सोडियमची बॅटरी मला जास्त जवळची वाटते. पुण्याच्या केपीआयटीने आयसर पुणेच्या सोबतीने तयार केलेलं सोडियम-आयनचं तंत्र डिसेंबर 2023 मध्ये दाखवलं, तेव्हा मनापासून आनंद झाला होता. चीनच्या सीएटीएलने 2025 मध्ये किलोला, खोक्याशिवाय, 175 वॅट-तासांचा सेल जाहीर केला. सोडियम मिठातही असतं, मुबलक आहे. पण याने रेंज वाढणार नाही, गाडी स्वस्त होईल. तू जी बातमी मला पाठवलीस त्यात हा फरक कुणी सांगितलेलाच नाही.

स्वस्ताई येणार हे मात्र खरं, आणि त्याचा तुला तोटाही आहे. जगभरात बॅटरीची सरासरी किंमत 2010 मध्ये युनिटला हजार डॉलरच्या वर होती, ती 2024 मध्ये 115 वर आली. चार वर्षांनी नवी गाडी आणखी स्वस्त मिळाली तर तुझ्या जुन्या गाडीला कोण भाव देणार? म्हणून हिला विकून पैसे सोडवायचा विचार डोक्यातून काढ, कर्ज बॅटरीच्या वॉरंटीच्या आत फिटेल एवढ्याच मुदतीचं घे, आणि वॉरंटीत वर्षं किती, किलोमीटर किती, ताकद किती टक्क्यांखाली गेली तर बदलून देणार, हे लेखी घे.

शोरूमवाल्याने तुला केंद्राच्या ट्रक अनुदानाचं आमिष दाखवलंय. पीएम ई-ड्राइव्हमधलं ट्रकचं अनुदान साडेतीन टनांवरच्या गाड्यांना आहे, तुझी त्यात बसत नाही. परमिटची सूट मात्र खरी आहे, बॅटरीवरच्या मालवाहू गाड्यांना ती 2018 पासून मिळते.

तर इलेक्ट्रिक घे, वितरणाच्या कामासाठी, आणि भाजीच्या भाड्याला सध्या नाही म्हण. ते काम टिकाऊ वाटलं तर पुढच्या वर्षी गॅसवरची दुसरी गाडी बघू, तुझे काका त्यात मदत करतील. पैसे भरण्यापूर्वी गोदामाच्या मालकाकडून चार्जिंगची ना-हरकत लेखी घे आणि महावितरणकडे वेगळ्या मीटरचा अर्ज दे, मंजूर भार किती आहे तेही बघ. गाडी आली आणि मीटर नाही, असं व्हायला नको. मग भरलेली गाडी एक दिवस तुझ्याच फेरीवर चालवून बघू द्या, असं शोरूमला सांग. संध्याकाळी किती टक्के उरले ते मला कळव, आणि कर्जाच्या कागदाचे फोटो पाठव. मी वाचल्याशिवाय सही करू नकोस.

ताईला नमस्कार, छोटीला गोड पापा.

तुझी,
मावशी