सलाईनची जबाबदारी : परिचारिका, कायदा आणि रुग्णाचा हक्क

खाटेशेजारी टांगलेली सलाईनची बाटली हे रुग्णालयातील नित्याचे दृश्य आहे. त्यामुळेच त्यातील जोखीम सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. शिरेतून दिलेले औषध तत्काळ रक्तात मिसळते; ते परत घेता येत नाही. म्हणून या सेवेस कायदा व नीती या दोहोंचे बंधन आहे.

१९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील एका खाजगी रुग्णालयाविषयी दिलेला निर्णय या संदर्भात मार्गदर्शक ठरतो. विषमज्वराच्या उपचारासाठी दाखल झालेल्या बालकास परिचारिकेने शिरेतून इंजेक्शन दिले. बालकाची हृदयक्रिया बंद पडली व मेंदूस कायमची इजा झाली. वस्तुतः ते इंजेक्शन डॉक्टरांनी स्वतः द्यावयाचे होते. शिवाय त्या परिचारिकेची परिचर्या परिषदेकडे नोंदणीही नव्हती. न्यायालयाने रुग्णालयास जबाबदार धरून बालकास साडेबारा लाख व मातापित्यांस ५ लाख रुपये भरपाई मंजूर केली.

या निर्णयाच्या प्रकाशात परिचारिकेची कर्तव्ये अशी सांगता येतील :

१. रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग व वेळ या पाच गोष्टी प्रत्येक वेळी पडताळून पाहणे.

२. लेखी आदेश अस्पष्ट वाटल्यास औषध थांबवून डॉक्टरांस विचारणे. हा उद्धटपणा नव्हे, कर्तव्य आहे. तीव्र पोटॅशियम क्लोराइडसारखे द्रव्य विरल न करता थेट शिरेत दिल्यास हृदय बंद पडू शकते.

३. वेग मोजणे. एका मिलिलिटरला २० थेंब देणाऱ्या संचातून ५०० मिलिलिटर द्रव ४ तासांत द्यावयाचा असल्यास मिनिटाला सुमारे ४२ थेंब पडावे लागतात.

४. काय दिले, केव्हा दिले व सुईची जागा कशी आहे, याची त्याच वेळी नोंद करणे. न केलेली नोंद न्यायालयात परिचारिकेच्या बाजूने बोलू शकत नाही.

‘मोफत उपचारात थोडे उणे चालायचेच’ असा एक समज आढळतो. तो चुकीचा आहे. जेथे काही रुग्ण शुल्क देतात व काहींवर विनामूल्य उपचार होतात, तेथील विनामूल्य रुग्णही ग्राहक कायद्याच्या संरक्षणात येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच स्पष्ट केले. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. त्या खाटेवरील थेंबही तितक्याच काळजीने मोजला गेला पाहिजे.

नातेवाइकांनीही कोणते औषध चालू आहे, हे निःसंकोच विचारावे. सुईच्या जागी सूज, लाली वा वेदना जाणवल्यास, किंवा रुग्णास थंडी वाजून धाप लागल्यास परिचारिकेस त्वरित बोलवावे. थेंबांचा वेग मात्र स्वतः बदलू नये.

देणगीतून खाट उभी राहते, यंत्र येते. परंतु शंका येताच हात थांबविणारी, प्रशिक्षित व नोंदणीकृत परिचारिका प्रत्येक पाळीत पुरेशा संख्येने असणे, हेही दात्याच्या दानाचे तितकेच मोलाचे फलित आहे.