शेतीचे विज्ञान आणि आपली मुले

“गुरुजी, मजुरीतून सुटावा म्हणून पोराला वसतिगृहात ठेवलं, आणि तुम्ही त्याला पुन्हा मातीच शिकवता?” काही वर्षांपूर्वी एका भूमिहीन पालकांनी केलेला हा प्रश्न मी विसरलेलो नाही. ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या शेतीतले कष्ट आले, परंतु मालकी आणि ज्ञान आले नाही, त्यांचा हा प्रश्न आहे.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शेतकऱ्याच्या दैन्याचा संबंध अविद्येशी जोडला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली शेतजमिनीच्या तुकड्यांवरील निबंधात दाखवून दिले की, जमिनीचा तुकडा पुरेसा आहे की नाही, हे केवळ क्षेत्रफळावरून ठरत नाही. त्यावर लागणारे भांडवल आणि श्रम यांच्या प्रमाणावरून ठरते. शेतीवरचा अतिरिक्त भार उद्योगांनी उचलावा, हाही त्यांचा आग्रह होता. तेव्हा प्रत्येक मुलाने शेतकरीच व्हावे, असा आमचा हेतू नाही. मोजणे, पडताळणे आणि मगच मानणे, ही सवय त्याला लागावी, एवढाच हेतू आहे.

नववीच्या वर्गात आम्ही सोयाबीनची उगवणशक्ती तपासतो. पोत्यातून सरसकट काढलेले शंभर दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडायचे, दुसऱ्या ओल्या गोणपाटाने झाकायचे, सावलीत ठेवून ओलावा टिकवायचा आणि सहा-सात दिवसांनी चांगले कोंब आलेले दाणे मोजायचे. सत्तर किंवा अधिक उगवले, तर बियाणे शिफारशीच्या प्रमाणात पेरण्यास योग्य. कमी उगवले, तर प्रमाण वाढवावे, फारच कमी असल्यास बियाणे बदलावे. खर्च जवळजवळ शून्य. परंतु दुबार पेरणीचे एक मोठे कारण त्याने टळते. ‘नशीब’ या शब्दाची जागा येथे एक आकडा घेतो.

त्याच पालकांच्या मुलाने उन्हाळी सुट्टीत, वडील ज्यांच्याकडे सालदार होते, त्यांच्या बियाण्याची अशीच परीक्षा घेतली. अठ्ठावन्न दाणे उगवले. मालकांनी स्वतः पुन्हा मोजले आणि बियाणे बदलले. जून महिन्यात वडील शाळेत आले, तेव्हा त्यांनी तक्रार केली नाही. ते एवढेच म्हणाले, “गुरुजी, आमच्या घराण्यात आजवर मालकानं कोणाला विचारून पेरणी केली नव्हती.”

त्यांच्या प्रश्नाचे याहून चांगले उत्तर माझ्यापाशी नाही.