जुन्या मोटारीच्या एंजिनाची नवी बांधणी

यंत्र वापरले की झिजते, हे सर्वांस ठाऊक असते. ते कोठे झिजले, किती झिजले आणि त्यात अजून किती धातू शिल्लक आहे, हे मात्र मोजल्यावाचून कोणासही सांगता येत नाही. बंगळूर शहरात जुन्या ब्रिटिश मोटारी हौसेने दुरुस्त करणाऱ्या मंडळींचा बराचसा वेळ या मोजण्यातच जातो. रंग, चामड्याच्या बैठका आणि चकाकणारे बंपर पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरतात. एंजिनात केलेले काम कोणास दिसत नाही. तथापि गाडी रस्त्यावर धावणार की नुसतीच उभी राहणार, हे त्या न दिसणाऱ्या कामावर ठरते.

हा छंद या शहरात रुजण्यास कारणे आहेत. बंगळूर ही ब्रिटिशांची मोठी लष्करी छावणी होती आणि ऑस्टिन, मॉरिस, एम. जी. अशा विलायती गाड्या येथे पूर्वीपासून आल्या. १९५३ साली भारत सरकारने असे धोरण अंगीकारले की, ज्या कंपन्या या देशात क्रमाक्रमाने मोटारी निर्माण करणार नाहीत, त्यांनी केवळ बाहेरून भाग आणून त्यांची जुळणी करीत राहू नये. त्यानंतर नवी परदेशी गाडी दुर्मिळ झाली आणि जी जवळ होती तीच टिकवणे मालकास भाग पडले. दुसरे कारण कारागिरीचे. १९४० साली या शहरात विमानांचा कारखाना निघाला, १९५३ साली हिंदुस्थान मशीन टूल्सची स्थापना झाली; त्यापूर्वीच, १९४१ साली, याच म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे किर्लोस्करांनी लेथ बनवणारी कंपनी स्थापली होती. ज्या प्रदेशात यंत्रे घडवणारी यंत्रे तयार झाली, तेथे अचूक कातकाम करणाऱ्या हातांची वाण पडली नाही. सुट्या भागांसाठी जयचामराजेंद्र रस्त्यावरील दुकानांची रांग आहेच.

उदाहरणादाखल एकच एंजिन घेऊ. १९५५ साली इंग्लंडमध्ये निघालेल्या एम. जी. ए. या उघड्या दोन आसनी गाडीत १४८९ घन सेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे एंजिन होते. याच घराण्याचे, तितक्याच मापाचे एंजिन १९५९ पासून आपल्या अँबॅसडर गाडीत बसू लागले. विलायतेतील शौकिनांची गाडी आणि भारतातील टॅक्सी यांचे काळीज असे एका वंशाचे आहे. सर्वच भाग एकमेकांत चालतात असे नव्हे. परंतु जे चालतात, त्यांमुळे भारतातील हौशी माणसाचे काम पुष्कळ सोपे झाले आहे.

एंजिन खोलण्याच्या वेळी पहिली अडचण येते ती आट्यांची. जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ साली ५५ अंशांच्या कोनाचे आटे सुचवले आणि ब्रिटिश उद्योगाने ते शतकभर वापरले. १९४९ साली ब्रिटन, अमेरिका व कॅनडा यांनी ६० अंशांचे समान आटे मान्य केले. म्हणून गाडी कोणत्या साली निघाली, यावर कोणता पाना हाती घ्यावा हे अवलंबून राहते. एम. जी. च्या त्याआधीच्या टी. सी. व टी. डी. या गाड्यांत तर गंमतच आहे. त्यांच्या एंजिनांच्या कारखान्याचा मूळ मालक फ्रेंच होता, त्यामुळे बोल्टाचे आटे मेट्रिक राहिले. पण डोकी मात्र व्हिटवर्थ पान्याला बसतील अशी ठेवण्यात आली. हे ठाऊक नसलेला मनुष्य पाना बसतो म्हणून दुकानातून व्हिटवर्थ बोल्ट आणतो आणि जोराने पिळून ब्लॉकमधील आटे बिघडवतो.

खोललेल्या एंजिनात सर्वांत महत्त्वाचे माप सिलिंडरच्या आतील व्यासाचे. त्यात खालीवर सरकणाऱ्या दट्ट्याला कारखान्यात पिस्टन म्हणतात व तोच शब्द रूढ आहे. पिस्टनवरील रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर घासतात आणि भिंत झिजते. परंतु ही झीज सर्वत्र सारखी नसते. पिस्टन अगदी वर पोहोचून क्षणभर थांबतो, त्या वेळी रिंगांमागे जळत्या वायूचा दाब सर्वाधिक असतो आणि तेलाचा पापुद्रा सर्वांत पातळ असतो. तेथेच भिंत अधिक खाल्ली जाते. त्याच्या वर, जेथे रिंग कधी पोहोचतच नाही, तेथे मूळ धातूची एक बारीक कड उरते. ती बोटाच्या नखास लागते. अनुभवी कारागीर प्रथम नखच फिरवून पाहतो, मग मापक हाती घेतो.

मापनाचे एकक म्हणजे एक सहस्रांश इंच. कारखान्यातील बोलीत ‘थाऊ’. हे मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाएवढे होते. वर सांगितलेल्या एंजिनाच्या सिलिंडरचा मूळ व्यास २.८७५ इंच असतो. समजा, वरच्या बाजूस तो २.८८३ इंच भरला. म्हणजे झीज आठ थाऊ. सिलिंडर कातून मोठा करावयाचा तर त्याजोगे मोठे पिस्टन १०, २०, ३० व ४० थाऊ अशा पायऱ्यांनी मिळतात. आठ थाऊ झिजला, तर दहाची पायरी पुरेल असे कोणासही वाटेल, आणि नवशिका दहाचेच पिस्टन मागवतो.

येथेच त्याची फसगत होते. एंजिन चालू असता पिस्टनला जोडलेला दांडा तिरपा असतो, त्यामुळे वायूच्या दाबाने पिस्टन एका बाजूच्या भिंतीवर अधिक रेलतो. आठ थाऊंपैकी सात एका बाजूस आणि एकच समोरच्या बाजूस, असे सहज होऊ शकते. नवे भोक मूळ मध्यरेषेवरच पाडले पाहिजे. ते बाजूस सरकवले तर पिस्टन वाकडा चालेल. मग एका बाजूची सात थाऊंची झीज पुसण्यासाठी दोन्ही बाजूंनी सात, म्हणजे व्यासात चौदा थाऊ काढावे लागतात. दहाची पायरी प्रत्येक बाजूस पाचच काढते. भिंतीवर दोन थाऊ खोलीचा जुना पट्टा तसाच राहतो. परिणामी काम पुन्हा वीसच्या पायरीवर करावे लागते आणि आणलेले पिस्टन वाया जातात. यासाठी व्यास एकाच दिशेने न घेता दोन दिशांनी आणि वर, मध्ये व खाली असा घ्यावा, झीज कोणत्या भिंतीला आहे हे ठरवावे, आणि मगच पिस्टन मागवावेत. शेवटचे कातकाम मात्र पिस्टन हाती आल्यावर, त्यांचे प्रत्यक्ष माप घेऊन करावयाचे.

चाळीसच्या पायरीपर्यंत सिलिंडर मोठा केला, तर एंजिनाचे घनफळ १४८९ वरून १५३१ घन सेंटिमीटर होते. काही उत्साही लोक शक्ती वाढेल या आशेने थेट शेवटच्या पायरीवर उडी घेतात. वाढ शेकडा तीनही नाही, आणि तिच्यासाठी पुढील तीन दुरुस्त्यांचा धातू एका दिवसात बरीक भुशाच्या रूपाने लेथखाली पडतो. हा व्यवहार शहाणपणाचा म्हणता येणार नाही. चाळीसनंतर उरतो तो एक उपाय: भोक आणखी कातून त्यात लोखंडी नळी दाबून बसवणे व पुन्हा मूळ मापावर येणे. उपाय चांगला आहे. पण ब्लॉकची भिंत आतून गंजाने पातळ झालेली असेल, तर कातताना ती फुटून पाण्याच्या पोकळीत भोक पडते आणि ब्लॉक निकामी होतो.

ब्लॉक वाचवण्याचे महत्त्व केवळ पैशापुरते नाही. १५ जुलै २०२१ च्या नियमांनुसार प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते आणि त्यांच्या क्रमांकात ‘व्ही. ए.’ ही अक्षरे येतात. त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी. चासी, बॉडी अथवा एंजिन यांत भरीव बदल केलेला नसावा, अशी अट आहे. मूळ एंजिन गमावणे म्हणजे गाडीची ओळखच अर्धी गमावणे होय.

क्रँकच्या दांड्याचाही हिशेब असाच, फक्त उलट दिशेचा: येथे घासून व्यास कमी करावयाचा आणि तितकी जाड बेअरिंगे बसवावयाची. व्यासाच्या दर इंचास साधारण एक थाऊ फट तेलासाठी ठेवतात. त्याहून जुन्या गाड्यांत तयार बेअरिंगे नसत. पांढरा धातू वितळवून ओतावा लागे आणि मग हाताने खरवडून बसवावा लागे. ही कला जाणणारे आता थोडेच उरले आहेत.

मोजमाप केव्हा घेतले, यालाही महत्त्व आहे. अॅल्युमिनियमचा पिस्टन लोखंडी सिलिंडरच्या दुपटीने प्रसरण पावतो. दहा अंश सेल्सियसच्या फरकाने या मापाचा पिस्टन सुमारे दोन तृतीयांश थाऊने बदलतो. उन्हात ठेवलेला पिस्टन आणि सावलीतील ब्लॉक यांची मापे एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. दोन्ही रात्रभर एकाच खोलीत ठेवावीत.

हेडच्या बाबतीत इंधनाने नवे प्रश्न निर्माण केले आहेत. जुन्या पेट्रोलातील शिशाचे संयुग झडपेच्या बैठकीवर बसून तिचे रक्षण करी. २००० साली भारतभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले, ते सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने योग्यच झाले. पण मऊ लोखंडात कोरलेल्या बैठकी त्यामुळे लवकर खचतात. म्हणून हेड उघडलेच आहे तर कठीण धातूची कडी बसवून घेणे हितकर ठरते. फेब्रुवारी २०२३ मध्ये शेकडा वीस इथेनॉल असलेले पेट्रोल देशात प्रथम विक्रीस आले, तो समारंभही बंगळूरलाच झाला. इथेनॉल ओलावा शोषते आणि जुन्या रबरी नळ्या मऊ करते. त्या सर्व बदलाव्यात. शिवाय त्यात प्राणवायू असल्याने पूर्वीच्याच मापाने सोडलेले इंधन तोकडे पडते. उलट बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर असल्याने येथील हवा विरळ आहे, आणि त्यामुळे तेच इंधन थोडे जास्त ठरते. हे दोन परिणाम एकमेकांस काही अंशी छेदतात. पुस्तकात छापलेल्या मापावर न विसंबता कार्ब्युरेटरचा नट अर्ध्या अर्ध्या कडेने फिरवून, ठिणगीच्या प्लगचा रंग पाहून योग्य जागा शोधावी लागते.

जुळणी पूर्ण झाली, एंजिन काही शे मैल चालले, की सिलिंडरमधील दाब मोजतात. येथेही उंचीचा विसर पडू देऊ नये. मुंबईत दर चौरस इंचास १५० पौंड दाब दाखवणारे निर्दोष एंजिन बंगळुरात सुमारे १३४ पौंडच दाखवते, कारण सिलिंडरमध्ये शिरणारी हवाच मुळात कमी असते. एवढ्या आकड्याने घाबरून नुकतेच बांधलेले एंजिन पुन्हा खोलल्याची आणि आणखी एक पायरी कातल्याची उदाहरणे घडू शकतात. चारही सिलिंडरांचे आकडे एकमेकांशी जुळत असतील, तर काळजीचे कारण नाही. जाणते लोक हे आकडे गाडीच्या वहीत उतरवतात: तारीख, सिलिंडरची कोणती पायरी झाली, क्रँकची कोणती झाली, आणि दाबाच्या आकड्यापुढे ‘बंगळूर, ९२० मीटर’.