कुलवृत्तांत कसा वाचावा? : एका ‘निर्वंशा’चा अनुभव

गेल्या डिसेंबरात आमच्या कुळाचे दोन दिवसांचे संमेलन नाशिकला भरले होते. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून घरच्यांनी आजोबांच्या सोबतीला मला धाडले. दोन वेळचे आयते जेवण आणि नाशिकची सहल या लोभाने मीही गेलो, हे आधीच कबूल करतो. मंगल कार्यालयाच्या भिंतीवर वंशवृक्षाचा भला मोठा कापडी फलक टांगला होता. आमचे गाव, आमची शाखा असे बोट फिरवीत मी खापरपणजोबांच्या नावापाशी आलो. नावाखाली एकच शब्द होता : ‘निर्वंश’. आणि त्यांचा खापरपणतू हातात उपम्याची बशी घेऊन समोर उभा!

मला हसू आले. आजोबांना मात्र आले नाही. चष्मा पुसून त्यांनी तो शब्द दोनदा वाचला आणि म्हणाले, “हे माझे आजोबा. मग मी कोण रे?”

संपादक काकांकडे तक्रार घेऊन गेलो. त्यांनी स्वातंत्र्यपूर्व काळात छापलेला मूळ वृत्तांत उघडून दाखविला. तेथेही तोच शब्द. “छापील आहे. पुरावा आणा, दुरुस्त करू,” ते म्हणाले. त्या वेळी हे उत्तर मला उद्धटपणाचे वाटले. आता वाटते की, एवढे रास्त उत्तर त्या दोन दिवसांत दुसऱ्या कोणीच दिले नाही. जिवंत माणूस समोर उभा आहे एवढ्याने तो कोणाचा कोण हे सिद्ध होत नाही.

आपण मंडळी वंशावळ हा पुरावा समजतो. वस्तुतः ती कोणीतरी, कशासाठी तरी केलेली मांडणी असते. ब्रिटिश अमदानीत इनामांची चौकशी झाली (त्यासाठी १८५२ साली कायदाही झाला), तेव्हा इनामदारांनी आपल्या कैफियतींबरोबर वंशावळी जोडल्या. त्या हक्क सांगण्यासाठी काढलेल्या, म्हणजे ज्याचा हक्क नको त्याचे नाव गळण्याचा संभव फार. आमच्या वृत्तांताच्या प्रस्तावनेत संपादकांनी प्रांजळपणे लिहिले आहे की, माहितीचे तक्ते टपालाने पाठविले आणि जे परत आले त्यांवरून ग्रंथ सिद्ध केला. ज्यांचा तक्ता आला नाही त्यांचे काय झाले, हे प्रस्तावनेत नाही. ते आमच्या फलकावर होते.

दुसरी परीक्षा अंकगणिताची. फलकानुसार आमचा मूळ पुरुष थोरल्या बाजीरावाच्या वेळचा, म्हणजे १७२० ते १७४० च्या सुमारास कर्ता असलेला. त्याचा जन्म १७०० च्या आसपास धरू. त्याच्यापासून माझ्यापर्यंत पिढ्या मोजल्या तर आठच भरतात. तीनशे वर्षांत सात अंतरे, म्हणजे दर पिढीला सुमारे ४३ वर्षे! ज्या काळात विशीबाविशीत बाप होत, त्या काळाला हे साजत नाही. दोन-तीन पिढ्या कोठेतरी गळाल्या असल्या पाहिजेत. कशा, तेही ध्यानात येते. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवतात. समजा, गोविंद नारायण, त्याचा नारायण गोविंद, त्याचा पुन्हा गोविंद नारायण. नकलणाऱ्याची नजर पहिल्या गोविंदावरून दुसऱ्यावर घसरली की दोन पिढ्या एका क्षणात नाहीशा!

सकाळच्या सत्रात मोडी शिकविणाऱ्या एका गृहस्थांनी जुन्या तारखांचा गोंधळ सोडवून दाखविला. मोडीत शिरोरेषा आधी ओढून घेतात, शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. हे सवयीने जमते. सुहूर सन मात्र माहीतच असावा लागतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. हे वर्ष मृगाला बदलते. म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवावे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, ती याच ११६१ सनात येते. हे वहीत लिहून घेणारे आम्ही तिघेच होतो. बाकीचे सत्कारासाठी आणलेल्या शाली मोजीत होते. वास्तविक या विद्येला आज मागणी आहे. २०२३ साली राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदी शोधण्यासाठी समिती नेमली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना सुगीचे दिवस आले. पणजोबांच्या एका नोंदीवर नातवंडांचा दाखला अवलंबून असतो, हे तेव्हा घरोघर कळले.

परंतु संमेलनातले खरे सत्र जेवणानंतर भरले, तेही व्यासपीठावर नव्हे, कोठीघराच्या दाराशी, जेथे वृद्ध आत्याबाई आणि काकू सुपारी कातरीत बसल्या होत्या. पुरुषांना जमिनी पाठ असतात. बायकांना माणसे पाठ असतात. वृत्तांतात लेकींची नावे नाहीत, सुनांची आहेत ती सासरची. येथे मात्र कोणाचे माहेर कोठले, कोणाचे बाळंतपण कोठे झाले, सारे निघाले. खापरपणजोबांचे नाव काढताच जरा शांतता झाली. मग एक आत्याबाई म्हणाल्या, “अरे, त्यांनी विधवेशी लग्न केलं होतं. घरानं नाव टाकलं.” दुसऱ्या म्हणाल्या, “छे गं, बांधावरून भांडण झालं भावांचं.” मी दोन्ही लिहून घेतले, समोर सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख घातली. पहिली हकीकत मला अधिक आवडली, म्हणूनच तिच्याविषयी अधिक सावध राहिले पाहिजे असे वाटले.

पुरावा मिळाला तो संध्याकाळी, तीर्थोपाध्यायांच्या घरी. गुरुजींनी फक्त गाव आणि आडनाव विचारले व कापडात बांधलेले एक बाड आणले. यात्रेकरू आला की आपल्या हाताने वाडवडिलांची व मुलाबाळांची नावे लिहून देतो आणि ‘आमच्या वंशजांनी यांस मानावे’ असे म्हणून सही करतो, ही जुनी रीत. अर्ध्या तासाने गुरुजींचे बोट थांबले. शके १८३४, माघ वद्य. शकात ७८ मिळवायचे, पण महिना माघ, म्हणून ७९. अर्थात १९१३ साल. खाली खापरपणजोबांचे अक्षर, वडील आणि आजे यांची नावे, पत्नीचे नाव, आणि दोन चिरंजीव. धाकटे चिरंजीव म्हणजे आजोबांचे वडील. आजोबांनी आपल्या आजोबांचे अक्षर पूर्वी कधी पाहिले नव्हते. गुरुजींची परवानगी घेऊन त्यांनी ओळीखालून बोट फिरविले, शाईला लागू न देता.

दुसऱ्या दिवशी त्या पानाचे छायाचित्र आणि बाडाचा तपशील संपादक काकांना दिला. आजोबांच्या शाळेच्या दाखल्याची प्रत जोडली, कारण १९१३ चा धाकटा चिरंजीव आणि आजोबांचे वडील एकच, हे वहीने एकटीने ठरत नव्हते. काकांनी सारे दोनदा वाचले, फलकावरच्या त्या शब्दावर पांढरी पट्टी चिकटवली आणि लेखणी आजोबांच्या हाती दिली.

त्या बाईंचे माहेर मात्र वहीत नाही. विधवाविवाहाची गोष्ट खरी की बांधाची, हे तेथून कळत नाही. आत्याबाई म्हणतात, येवल्याकडचे एखादे गाव असावे. पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते. तेव्हा थोरल्या चिरंजीवांचा जन्म त्या गावच्या कोतवाल बुकात, गाव नमुना १४ मध्ये, बापाच्या नावासकट असण्याचा संभव आहे. नोंद मोडीत असणार. तलाठी कार्यालयात अर्ज दिला आहे. दिवाळीच्या सुटीत जायचे ठरले आहे, आणि आजोबा म्हणतात, मीही येणार.