खरे माप

शास्त्रपाठ : लेवीय 19:35, 36, अनुवाद 25:13-16, लूक 19:1-10

भक्तीचा विषय निघाला म्हणजे आपल्या मंडळ्यांत बहुधा प्रार्थना, उपास, गायन व दान ह्यांविषयी बोलणे होते. तागडीविषयी क्वचितच होते. परंतु लेवीयाच्या ज्या अध्यायात शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती करण्याची आज्ञा आहे, त्याच अध्यायात, थोडे पुढे, लांबी, वजन व माप ह्यांत अन्याय करू नये अशीही आज्ञा आहे. ही दोन निराळी प्रकरणे आहेत असे शास्त्र समजत नाही. शेजाऱ्यावरील प्रीती मापट्याच्या काठावर दिसून येते.

ह्या पाठात एफा व हिन अशी दोन मापे आली आहेत. एफा हे धान्याचे माप, आजच्या हिशेबाने सुमारे 22 लिटरांचे. हिन हे तेल, द्राक्षारस अशा पातळ पदार्थांचे. वजने दगडाची असत व व्यापारी ती पिशवीत घालून फिरत. म्हणून अनुवादात एकाच पिशवीत जड व हलके अशी दोन प्रकारची वजने ठेवण्यास मनाई आहे. जड असते ते घेण्यासाठी, हलके असते ते देण्यासाठी. आपल्या वाचकांस ह्याचा अर्थ फोड करून सांगावयास नको. पायली, शेर, मापटे, चिपटे ह्यांचा व्यवहार होता तेव्हा एका मुलखाची पायली दुसऱ्या मुलखाच्या पायलीशी जुळत नसे, आणि घेताना शिगेची व देताना सपाट, हा प्रकार आपल्या वडीलधाऱ्यांनी पुष्कळ पाहिला. 1958 पासून दशमान वजने आली, पुढे इलेक्ट्रॉनिक काटे आले. तरी पिशवीतला दुसरा दगड अद्याप गेलेला नाही.

आता ह्या आज्ञेचे कारण पाहावे. खोटे माप धरू नका, कारण धंदा बुडेल, असे देव म्हणत नाही. कारण सांगताना तो आपल्या लोकांस मिसर देशातून आपण त्यांना सोडवून आणल्याची आठवण देतो. माप आणि मिसर ह्यांचा काय संबंध, असा प्रश्न वर्गात कोणी अवश्य विचारील. निर्गम 5 वाचावे. फारोने पेंढा देणे बंद केले, विटांची संख्या मात्र तितकीच ठेवली. हे खोटेच माप होते. ते ज्यांच्या पाठीवर बसले, त्यांस देव म्हणतो की, तुम्ही ते दुसऱ्यास लावू नका.

आमच्यापैकी पुष्कळांच्या वाडवडिलांस गावकीच्या कामाबद्दल खळ्यावर बलुते मिळे. किती मिळावे हे बहुधा देणाऱ्याच्या मर्जीवर असे, आणि घेणाऱ्यास शीग भरा म्हणण्याची सोय नव्हती. ती कनिष्ठ गाववतने 1958 च्या कायद्याने रद्द झाली, पण आठवण घराघरांत आहे. अशा आठवणीतून दोन वाटा फुटतात. आम्हांस बुडविले, आता आमची पाळी, ही एक. दुसरी लेवीयातली.

पहिली वाट किती सोपी आहे हे कापसाच्या दिवसांत दिसते. व्यापारी कडता कापतो, काटा मारतो, हे सर्वांस ठाऊक आहे. मग शेतकरी कापसावर पाणी शिंपडतो. व्यापारी ते जाणून अधिक कडता कापतो. अशा रीतीने दोघेही एकमेकांस शिकवितात, आणि मध्ये जो कोरडा कापूस घेऊन येतो तो भरडला जातो. ख्रिस्ती शेतकऱ्याने मुकाट्याने बुडावे असे आमचे म्हणणे नाही. आपले माल दुसऱ्या काट्यावर तोलून पाहणे, काट्यावर सरकारी पडताळणीचा शिक्का आहे की नाही हे विचारणे, चारचौघांनी मिळून वैधमापन निरीक्षकाकडे तक्रार करणे, ह्यांत पाप नाही. खरे माप मागणे हेही त्याच आज्ञेत येते. पाणी शिंपडणे मात्र येत नाही.

दुधाची गोष्ट ह्याहून कठीण आहे. डेअरीवर फॅट व एस. एन. एफ. पाहून भाव ठरतो, म्हणून घरोघर देण्याच्या रतिबात पाणी अधिक पडते. "सगळेच घालतात," हे उत्तर आम्ही मंडळीतही ऐकतो. ज्या घरी एकच गाय आहे व मुलाच्या शाळेची फी भरावयाची आहे, त्या घरच्या बाईस हे दोन तांबे पाणी म्हणजे महिन्याचे मीठमिरची असते. तिला आम्ही उगाच असे सांगणार नाही की, निर्मळ दूध घाल, म्हणजे देव तुला दुप्पट देईल. कदाचित तिला तोटाच होईल. लूक 6:38 मधील दाबून, हालवून, ओसंडून भरलेल्या मापाचे वचन हल्ली पैशाच्या फायद्यासाठी फार वापरतात. पण त्याच्या अगोदरचे वचन दोष न लावण्याविषयी व क्षमा करण्याविषयी आहे, हे वाचणाऱ्याने पाहावे. तिचा तोटा तिने एकटीने सोसावा, हे मात्र बरोबर नाही. मंडळीतल्या दहा घरांनी तिचेच दूध योग्य भावाने घ्यावे. इतके जर मंडळीस होत नसेल, तर तिला उपदेश करण्यापूर्वी वडील मंडळींनी थोडे थांबावे.

जक्कयाची गोष्ट मुलांस झाडामुळे आवडते. मोठ्यांनी त्याचा हिशेब पाहावा. गणना 5:7 प्रमाणे, ज्याने आपण होऊन दोष कबूल केला त्याने मूळ रकमेवर पाचवा हिस्सा घालून परत करावयाचे होते. चौपट भरपाई निर्गम 22 मध्ये आहे, ती मेंढरू चोरून कापणाऱ्या किंवा विकणाऱ्यास. जक्कयाने हलका नियम सोडून आपणांस चोराचा नियम लावला. येशूने त्यास जकातीचे काम सोड असे सांगितल्याचे लूक लिहीत नाही. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानानेही जकातदारांस इतकेच सांगितले की, ठरले आहे त्याहून अधिक घेऊ नका (लूक 3:13). म्हणजे नाका तोच, हात निराळा.

मजुरीलाही माप आहे. आठवड्याची मजुरी बाजाराच्या दिवशी न देता पुढे ढकलणारा शेतमालक याकोब 5:4 वाचून पाहो. आणि नऊ वाजता येऊन आठची हजेरी सांगणारा मजूरही कलस्सै 3:23 वाचो. आम्हां उपदेशकांची रोजनिशी हेही मापच आहे. तीत बारा घरांच्या भेटी लिहिल्या असतील, तर पाय बारा उंबऱ्यांवर लागलेले असावेत.

हा धडा घेणाऱ्या उपदेशकांस एक सूचना. स्त्रियांच्या वर्गात आरंभी एफा व हिन सांगत बसू नये. शेजारणीकडून वाटीभर पीठ उसने आणताना ती वाटी कशी भरलेली होती व परत करताना कशी भरली, एवढेच विचारावे; पुढचे बोलणे त्या आपण होऊन करतील. पुरुषांच्या वर्गात आमोस 8:4-6 मोठ्याने वाचावा. शब्बाथ कधी सरतो म्हणजे धान्य विकावयास काढू, अशी वाट पाहणारे लोक तेथे आहेत. ते उपासनेस येऊन बसलेलेच होते, हे वाचणाऱ्याने सांगावे आणि मग वर्गास बोलू द्यावे.