आधी जाहिरात वाचा, मग माहितीपत्रक

दहावी-बारावीचे निकाल लागले की माझा फोन वाजायला लागतो. मी विक्रोळी आणि मुलुंडच्या कोर्टांत फौजदारी वकिली करतो. एरवी लोक जामिनासाठी फोन करतात, जूनमध्ये मुलांच्या ॲडमिशनसाठी. "वकीलसाहेब, पोरगी पोलिसात जायचं म्हणते. अंधेरीला क्रिमिनल जस्टिसचा कोर्स निघालाय, तीन वर्षांचा. घालू का?" मी उलट एकच विचारतो, पोलीस भरतीची मागची जाहिरात वाचलीत का? होय म्हणणारं अजून कोणी भेटलेलं नाही. कोर्सचं माहितीपत्रक मात्र सगळ्यांनी वाचलेलं असतं, काहींना तर पाठ असतं.

मलाही पाठ होतं. बारावीनंतर, २०१० साली, उपनगरातल्याच एका खासगी संस्थेत मी हा विषय घेतला. वडील बेस्टमध्ये वाहक होते, फी त्यांनी पतपेढीतून उचलली. पत्रकावर वर्दीतल्या माणसाचा फोटो, मागे बोटाचा मोठा ठसा आणि खाली आयपीएस, सीआयडी, सीबीआय, सायबर अशी नावं ओळीने. या कोर्सने ही दारं उघडतात असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. वाचणाऱ्याने तसं समजावं एवढी सोय केलेली होती. असल्या मजकुरावर फसवणुकीचा गुन्हा उभा राहणं अवघड, आणि म्हणूनच अशी पत्रकं अजूनही छापली जातात.

शिकवायचे मात्र मनापासून, हे सांगायला हवं. गुन्हेगार जन्माला येतो की घडतो, शिक्षेचा हेतू सूड असतो की सुधारणा, यावर आम्ही तासन्‌तास वाद घालायचो. पण पुस्तकं सगळी अमेरिकन वळणाची. ज्युरी कशी निवडतात, अटक करताना मिरांडाचे हक्क कसे वाचून दाखवतात, हे आम्ही पाठ केलं. ज्या मुंबईत १९५९ साली नानावटी खटल्यातला ज्युरीचा कौल न्यायाधीशांनी मानला नाही आणि जिथली ज्युरीच पुढे इतिहासजमा झाली, त्या मुंबईच्या पोरांना! अटकेबाबत सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात घालून दिलेले नियम मला कळले ते एलएलबीला गेल्यावर. आरोपीने पोलिसांपुढे दिलेली कबुली आपल्याकडे त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हेही तेव्हाच. तोवर टीव्हीवरच्या 'सीआयडी'ने शिकवलेलंच खरं वाटत होतं, की दोन कानाखाली वाजवल्या, आरोपीने तोंड उघडलं, केस संपली.

अमेरिकेत या पदवीला अर्थ आहे. तिथं एकेक शहर, एकेक काउंटी आपलं पोलीस खातं चालवते, आपली भरती आपण करते, आणि गावोगावच्या कॉलेजांत हा विषय त्या नोकरीकडे नजर ठेवून शिकवला जातो. आपल्याकडे शिपायाची भरती राज्याच्या नियमांनी होते, फौजदाराची एमपीएससीतून, आयपीएसची यूपीएससीतून. सीआयडीत थेट भरती नसतेच, पोलीस दलातले अधिकारी तिकडे बदलीवर जातात. या तीनही दारांवर तुम्ही गुन्हेशास्त्र शिकलात का, असं कोणी विचारत नाही.

काय विचारतात ते मला २०१४ च्या जूनमध्ये कळलं. त्या वेळी मुंबई पोलीस भरतीत पुरुष उमेदवारांना पाच किलोमीटर धावावं लागे, आणि ते विक्रोळीला, पूर्व द्रुतगती महामार्गावर. उकाडा असह्य होता. रस्त्याकडेला बॅगा उशाला घेऊन झोपलेली बीड-जळगावकडची पोरं पहाटे उठून रांगेत लागत. ती बारावीवर आली होती आणि वर्ष-दीड वर्ष गावच्या रस्त्यावर पळत होती. माझ्याकडे गुन्हेगारीच्या सिद्धांतांची जाड वही होती. मी मैदानातच बाहेर पडलो. त्या भरतीत धावताना कोसळून काही उमेदवारांचा जीव गेला, आणि नंतर ते अंतरच कमी करण्यात आलं. बाद झाल्याचं दुःख मला तेव्हापासून फारसं वाटलेलं नाही.

आता पुरुषांना १,६०० मीटर आणि १०० मीटर धावणं आणि गोळाफेक, महिलांना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. गोळा पुरुषांचा ७.२६० किलोचा, महिलांचा ४ किलोचा. मैदानाचे ५० गुण, लेखीचे १००. सोळाशे मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत मारलं तर पैकीच्या पैकी २० गुण. मैदानावर निम्मे गुण मिळवणाऱ्यांतून एका जागेमागे दहा जण लेखीला बोलावतात. उंची पुरुषांची १६५ सेंटिमीटर, महिलांची १५५. ही उंची फी भरायच्या आधी घरीच मोजा, मुलाला अनवाणी भिंतीला उभं करून. एका सेंटिमीटरसाठी परत पाठवलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या घरच्यांनी दोन-दोन वर्षं क्लासची फी भरलेली होती. सपाट तळवे, रंगांधळेपणा हेसुद्धा आधी डॉक्टरला दाखवून घ्या, वैद्यकीय चाचणीपर्यंत थांबू नका. खुल्या वर्गाला शिपाई भरतीत २८ वर्षांपर्यंतच अर्ज करता येतो, मागासवर्गीयांना ३३. आणि गर्दी? २०२४ च्या भरतीत १७,४७१ जागांना साडेसतरा लाखांवर अर्ज आले होते.

लेखी परीक्षेत अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, सामान्य ज्ञान आणि मराठी व्याकरण. या शेवटच्या विषयापाशी उपनगरातली मुलं मार खातात. बोरिवली, मुलुंड, अंधेरीतली आपली मुलं आता बहुतेक इंग्रजी माध्यमातली. घरी मराठी बोलतात, पण बहुव्रीही समास आणि भावे प्रयोग म्हटलं की डोळे पांढरे होतात. धुळ्याच्या जिल्हा परिषद शाळेतल्या पोराचे ते हक्काचे गुण असतात. क्रिमिनल जस्टिसच्या एका सत्राच्या फीमध्ये मराठीच्या चांगल्या मास्तरांची वर्षभराची शिकवणी होते, आणि ती कामालाही जास्त येते.

माझ्या पदवीचं पुढे काय झालं तेही ऐका. संस्था मुंबईत, पण पदवी दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठाची होती. एलएलबीच्या प्रवेशाला कागद दाखवले तेव्हा खिडकीपलीकडच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि मान्यतेचं पत्र मागितलं. संस्थेत विचारायला गेलो तर जागेवर मोबाइलचं दुकान. राज्याच्या विद्यापीठाला आपल्या राज्याबाहेर अशा शाखा काढता येत नाहीत, हे मला आणि वडिलांना कोण सांगणार? छत्तीसगडमधल्या खासगी विद्यापीठांचा प्रा. यशपाल खटला २००५ मध्येच निकाली निघाला होता, तरी घाटकोपर स्टेशनबाहेर पत्रकं वाटली जातच होती. शेवटी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून नव्याने बीए केलं आणि मग कायद्याकडे वळलो. फौजदार व्हायला कुठल्याही शाखेची पदवी चालते, पण ती मान्यताप्राप्त विद्यापीठाचीच असावी लागते. तेव्हा संस्थेच्या नावाला भुलू नका. प्रमाणपत्रावर कोणत्या विद्यापीठाचं नाव छापणार हे लेखी मागा, आणि ते विद्यापीठ विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत स्वतः शोधा. 'इंटरनॅशनल ॲफिलिएशन', 'गव्हर्न्मेंट रजिस्टर्ड' या शब्दांना काही किंमत नाही. किराणा दुकानही रजिस्टर्ड असतं. आणि पोलीस खात्यात 'प्लेसमेंट' मिळवून देतो म्हणणाऱ्याच्या दारातून सरळ परत फिरा.

मग गुन्हा आणि कायदा शिकूच नये का? शिकावा, पण तो आत गेल्यावर कुठे उपयोगी पडतो ते ओळखून. मी रोज तपासी अंमलदारांची उलटतपासणी घेतो. केस पडते ती सिद्धांत माहीत नसल्यामुळे नव्हे, पंचनाम्यामुळे. पंचनामा सुरू केल्याची वेळ आणि स्टेशन डायरीतली वेळ जुळत नाही. मुद्देमाल सील केला असं लिहिलंय, पण सील कोणाचं, लेबलवर सह्या कोणाच्या, याचा पत्ता नाही. पंच दोघेही नेमके ठाण्याबाहेरचे चहावाले, ज्यांनी याआधी दहा पंचनाम्यांवर सह्या केल्यात. आणि भाषा अशी की कोण कोणाच्या हातातून काय घेत होतं हे न्यायाधीशांनाही कळू नये. फिर्याद मराठीत, पंचनामा मराठीत, जबाब मराठीत. साध्या, सरळ मराठीत पाहिलं ते पाहिलं तसं लिहिता येणं हे तपासाचं निम्मं कौशल्य आहे, आणि ते कुठल्याही पत्रकावर छापलेलं नसतं. हे मी बचाव पक्षाचा वकील म्हणून सांगतोय, कच्च्या पंचनाम्यावर माझं घर चालतं.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. दंड संहितेची ५११ कलमं गेली, न्याय संहितेत ३५८ आली. खून ३०२ मधून १०३ मध्ये गेला, चारसोबीस आता ३१८ मध्ये आहे. झडती-जप्तीचं चित्रीकरण करायचं आहे, आणि सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आली आहे. मेट्रोपोलिटन मॅजिस्ट्रेट हे पदसुद्धा नव्या संहितेत नाही, आम्ही वकील सवयीने अजून तसंच म्हणतो. सांगायचं इतकंच की जुन्या कलमांच्या नोट्सवर चालणारा कोर्स आजही कोणी विकत असेल तर तो रद्दी विकतोय. नवे कायदे मूळ मजकुरासह स्वस्तात मिळतात, रोज चार कलमं वाचायला संस्था लागत नाही.

हा विषय ज्याला खरंच ओढतो, त्याच्यासाठी मुंबईतच चांगल्या जागा आहेत, फक्त त्या वर्दीकडे नेत नाहीत. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत गुन्हेशास्त्र आणि न्याय हा विषय पदव्युत्तर पातळीवर शिकवतात. तिथली मुलं तुरुंगात, बालगृहांत, पोलीस ठाण्यांतल्या महिलांच्या विशेष कक्षात काम करतात. त्यांचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून कैद्यांसाठी चालू आहे. ठसे, रक्त, डीएनए यात रस असेल तर रसायनशास्त्र, जीवशास्त्र घेऊन बीएस्सी करा आणि शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थेकडे बघा. कलिन्याच्या प्रयोगशाळेत बसणारे लोक शास्त्रज्ञ आहेत, पोलीस नव्हेत. टीव्हीने हे दोन्ही एकाच माणसात घालून मोठा घोटाळा केलाय. युक्तिवाद आवडत असेल तर एलएलबी. परिविक्षा अधिकारी, तुरुंग खातं, राज्य उत्पादन शुल्क, रेल्वे सुरक्षा दल या नोकऱ्याही आहेत, प्रत्येकाची जाहिरात वेगळी आणि अटी वेगळ्या.

पोलिसातच जायचं असेल तर जवळच्या, मान्यताप्राप्त, साध्या कॉलेजात नाव घाला. राज्यशास्त्र, मराठी, मानसशास्त्र, काहीही चालेल. मात्र पहिल्याच वर्षी एनसीसीत जा, कारण 'सी' प्रमाणपत्रापर्यंत पोचायला कॉलेजची सगळी वर्षं लागतात आणि भरतीत त्याचे जादा गुण मिळतात. अधिवास, जातवैधता, नॉन-क्रीमी लेयर हे दाखले जाहिरात यायच्या आधी काढून ठेवा. तारखेच्या एका चुकीने मैदान आणि लेखी दोन्ही मारलेली मुलं कागदपत्रांच्या टेबलावर बाद होतात.

एक गोष्ट माझ्या धंद्यातली. दहीहंडीत डीजेवरून, मंडळाच्या वर्गणीवरून, सोसायटीच्या पार्किंगवरून झालेल्या मारामारीत अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराचं नाव येतं. घरचे म्हणतात, किरकोळ आहे, मिटेल. चारित्र्य पडताळणीचा फॉर्म भरताना पोरगा तो रकाना कोरा सोडतो. गुन्हा किरकोळ असला तर खातं विचार करू शकतं, लपवलेल्या माहितीला मात्र क्षमा कमी. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या अवतार सिंग निकालात यावर सविस्तर लिहिलं आहे. फॉर्ममध्ये खरं लिहा, आणि ते लिहिण्याआधी वकिलाला विचारा.

शेवटी नोकरी कशी असते तेही मुलांना दिसू द्या. बंदोबस्त, नाकाबंदी, रात्रपाळी, कोर्टात तारखेला दिवसभर उभं राहणं. मुंबईत आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात सुरू झाला आणि तो सुचवला होता एका शिपायाने, यावरूनच आधीची परिस्थिती कळावी. फी भरायच्या आधी मुलीला घेऊन एक दिवस विक्रोळी, अंधेरी किंवा बोरिवलीच्या कोर्टात या. काही अपवाद सोडले तर फौजदारी खटले उघडपणे चालतात, मागच्या बाकावर बसायला कोणाची परवानगी लागत नाही. तपासी अंमलदाराची उलटतपासणी तिला ऐकू द्या. त्यानंतरही तिचं मत पक्कं असेल तर तिला एनसीसीला घाला, आणि सकाळी मैदानावर सोडायला तुम्हीही उठा.