बारा वर्षं झाली, म्हणजे गाळा भाडेकरूचा?

प्रश्न : सोनं-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यामुळे आमचं कुटुंब तमिळनाडूत असतं. दहिवडीतला रस्त्यावरचा गाळा वडिलांनी वीसेक वर्षांपूर्वी तोंडी बोलीवर किराणा दुकानासाठी भाड्याने दिला. ते भाडेकरू वारले, आता त्यांचा मुलगा बसतो. भाडं वेळेवर येतं. माझ्या मुलाला गावातच धंदा टाकायचाय, पण भाडेकरूचा मुलगा म्हणतो, ‘बारा वर्षं उलटली, गाळा आमचा.’ सरळ कुलूप लावलं तर चालेल का?
– एक वाचक, ता. माण

उत्तर : कुलूप लावू नका, वीजही तोडू नका. बेकायदा बाहेर काढलेला माणूस १९६३ च्या विशिष्ट साहाय्य कायद्याच्या कलम ६ नुसार सहा महिन्यांत दावा लावून ताबा परत मागू शकतो. तिथे मालक कोण, हे बघतच नाहीत.

बारा वर्षांची गोष्ट मात्र पारावरची. भाडेकरू तुमच्या संमतीने आत आहे आणि भाडं देतोय, म्हणजे तुम्हाला मालक मानतोय. अशी पन्नास वर्षं गेली तरी गाळा त्याचा होत नाही. भाडेपट्टा संपुष्टात आल्यापासून ताब्याचा दावा बारा वर्षांत लावावा, असं मुदतीचा कायदा सांगतो. गावोगावची समजूत त्यातूनच निघाली असावी.

खरा प्रश्न कायदा कोणता लागतो, हा. ३१ मार्च २००० पासून लागू झालेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ सरसकट प्रत्येक गावाला नाही. तो अनुसूचीतल्या आणि जुने भाडे कायदे जिथे लागू होते त्या भागांना लागतो. गाळा त्याबाहेर असेल, तर १८८२ चा संपत्ती हस्तांतरण कायदा. महिन्याच्या भाड्यावरच्या गाळ्याला पंधरा दिवसांची नोटीस पुरते, कारणही द्यावं लागत नाही. नोटिशीनंतरही तो उठला नाही तर दिवाणी दावा आहेच. वकिलाकडे गेल्यावर गाळ्याला कोणता कायदा लागतो, हेच पहिल्यांदा विचारा. अनेक दावे चुकीच्या कायद्याखाली लागतात आणि वर्षं वाया जातात.

गाळा भाडे कायद्यात बसत असेल, तर बापामागे धंदा चालवणारा मुलगाही भाडेकरूच. त्याला उठवायला कलम १६ मधलं कारण लागेल. तुमचं कारण आहे स्वतःची खरी गरज, आणि मुलाचा धंदा त्यात धरता येतो. मात्र नुसतं ‘गरज आहे’ म्हणून भागत नाही. कोणता धंदा, भांडवल कुठून, गावात दुसरा रिकामा गाळा आहे का, हे उलटतपासणीत निघतंच. शिवाय हाल कोणाचे जास्त होतील, हे कोर्ट तोलतं. ‘तुम्ही तर तमिळनाडूत राहता,’ हा प्रश्न ठरलेला. त्याला उत्तर तुमच्या मुलाने द्यायचं, तुम्ही नव्हे.

थकबाकीचं कारण शोधत बसू नका. त्यासाठी आधी नव्वद दिवसांची नोटीस लागते आणि समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत व्याज-खर्चासह रक्कम भरली, की भाडेकरू बचावतो. काही मालक भाडं घ्यायचंच थांबवतात. मग भाडेकरू मनीऑर्डर करतो आणि ‘घेण्यास नकार’ असा शेरा पडलेली पावती कोर्टात मांडतो. तेव्हा भाडं घ्या, पावतीही द्या.

गरजेवर ताबा मिळाला, तर महिन्याच्या आत तिथे मुलाचा धंदा सुरू झाला पाहिजे. तसं केलं नाही, किंवा वर्षाच्या आत गाळा दुसऱ्याला भाड्याने दिला, तर जुना भाडेकरू तो परत मागू शकतो.